हा तोच वॉशिंग्टन कशावरून?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एक चूक केली, ती आधी सांगून टाकते. माझं काम सह्याद्रीतल्या ओढ्यांमध्ये सापडणाऱ्या माशांच्या डीएनएवर आहे. साहित्य-आढावा करताना मला एका लेखकाचे बरेच पेपर सापडले. आडनाव तेच, आद्याक्षरं तीच, विषयही जवळपास तोच. मी झोकात लिहून टाकलं की या संशोधकाने आधी अमुक मत मांडलं आणि दहा वर्षांनी स्वतःच ते खोडून काढलं. प्रेझेंटेशनच्या दिवशी मॅडमनी एवढंच विचारलं, "हा तोच माणूस आहे, कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री बसून पत्ते, संस्था, सहलेखक असं सगळं तपासलं तेव्हा कळलं की ती दोन वेगळी माणसं होती. एकाने दुसऱ्याचं मत खोडलं होतं, एवढीच गोष्ट. मी मात्र दोघांना मिळून एक माणूस बनवला होता आणि त्याच्या आयुष्याची कथाही रचली होती.

तुमच्यापैकी जे आत्ता पेटची तयारी करताय किंवा कोर्सवर्कला बसलाय, त्यांना "स्रोतांची चिकित्सा" नावाचा एक घटक असतो. तो बहुतेक जण पाठ करून मोकळे होतात. मीही तेच केलं होतं. मॅडमच्या त्या प्रश्नाने मला जरा हलवलं आणि मग फावल्या वेळात मी एका इंग्रजी आडनावाचा माग काढत बसले. माझ्या विषयाशी त्याचा संबंध थोडासाच आहे, तो पुढे येईल. आडनाव आहे वॉशिंग्टन. आज आपल्याला ते एका माणसाचं, एका शहराचं आणि एका राज्याचं नाव म्हणून माहीत आहे. पण ते मुळात एका खेड्याचं नाव आहे, आणि खेड्यापासून निघून ते ज्यांच्यापर्यंत पोचलं ती माणसं बघितली की "तोच कशावरून" हा प्रश्न किती खोल जातो ते कळतं.

इंग्लंडच्या ईशान्येला, सुंदरलँडजवळ वॉशिंग्टन नावाचं गाव आहे. आता ते टाइन अँड वेअरमध्ये येतं, पूर्वी डरहॅम परगण्यात होतं. नावाचा जुन्या इंग्रजीतला अर्थ साधारण "वासा नावाच्या माणसाची वाडी" असा लावतात. ११८३ साली डरहॅमचा बिशप ह्यू दु प्युसे याने आपल्या जमिनींची मोजदाद करून घेतली. त्या दस्तऐवजाला "बोल्डन बुक" म्हणतात. आपल्याकडच्या महसुली दप्तरासारखंच ते आहे. कोणाकडे किती जमीन, तो काय देणं लागतो, कोणती चाकरी करतो, एवढंच त्यात. त्यात एक नोंद आहे ती अशी, की विल्यम डी हर्टबर्न नावाच्या माणसाने हर्टबर्न गावाच्या बदल्यात वॉशिंग्टन घेतलं आहे, चर्च आणि चर्चची जमीन सोडून. तो वर्षाला चार पौंड देतो आणि बिशपच्या मोठ्या शिकारीला चार शिकारी कुत्रे घेऊन हजर राहतो.

इथे थांबा. या नोंदीत वॉशिंग्टन आडनावाचा एकही माणूस नाही! आहे तो हर्टबर्नचा विल्यम. गावाची अदलाबदल झाली आणि त्यानंतर हाच माणूस कागदोपत्री "डी वेसिंग्टन" होतो. म्हणजे ज्या घराण्याची सुरुवात आपण शोधतोय त्याच्या अगदी पहिल्या पायरीवरच नाव बदललेला माणूस उभा आहे. त्या काळात नाव जमिनीमागे जायचं. आपल्याकडे गावाला "कर" लावून आडनाव होतं तसंच हे. आडनाव वडिलांकडून मुलाकडे आपोआप जाण्याची पद्धत नॉर्मन सरदारांबरोबर १०६६ नंतर इंग्लंडात रुजायला लागली आणि सामान्य लोकांपर्यंत पोचायला साधारण १४०० उजाडलं.

यातून लगेच दोन अडचणी येतात. पहिली अशी, की वॉशिंग्टन गाव सोडून दुसरीकडे गेलेल्या कुठल्याही माणसाला, मग तो कुळवाडी असो की लोहार, नवीन गावातले लोक "वॉशिंग्टनचा" म्हणू शकत होते. त्याचं जमीनदाराशी रक्ताचं नातं असायची काहीच गरज नाही. दुसरी अडचण म्हणजे दक्षिणेला ससेक्समध्ये आणखी एक वॉशिंग्टन आहे, आणि तेही वासा याच नावाशी जोडलेलं. म्हणजे एकाच आडनावाचे निदान दोन उगम शक्य, आणि प्रत्येक उगमातून अनेक असंबंधित घराणी शक्य. नुसतं आडनाव जुळलं म्हणून कोणालाही कोणाचा पणजोबा ठरवता येणार नाही.

तर, विल्यमची मुख्य शाखा वॉशिंग्टन गावात फार टिकली नाही. १४०० च्या सुमारास पुरुष वारस संपला आणि जमीन लग्नाच्या वाटेने टेम्पेस्ट घराण्याकडे गेली. नाव गावात उरलं ते फक्त गावाचं. पण एक धाकटी शाखा तेराव्या शतकातच पश्चिमेकडे लँकशरला सरकली होती. तिथल्या वॉर्टन गावातून लॉरेन्स वॉशिंग्टन नावाचा एक माणूस सोळाव्या शतकात दक्षिणेला नॉर्थम्प्टनला आला, लोकरीच्या व्यापारात पैसे कमावले आणि १५३२ साली शहराचा महापौर झाला. आठव्या हेन्रीने मठ बंद करून त्यांच्या जमिनी विकायला काढल्या तेव्हा याने १५३९ मध्ये सुमारे सव्वातीनशे पौंडांना सलग्रेव्हची जहागीर विकत घेतली. लोकर, बंद पडलेले मठ आणि हाताशी पैसा असलेला व्यापारी, हे त्या काळातलं वर चढण्याचं नेहमीचं गणित.

या घराण्याचं कुलचिन्ह म्हणजे पांढऱ्या ढालीवर दोन लाल आडवे पट्टे आणि वर तीन लाल तारे. ते बघून अमेरिकेचा झेंडा यावरून आला असं तुम्हाला इंटरनेटवर शंभर ठिकाणी वाचायला मिळेल. त्याला त्या काळातला कोणताही पुरावा नाही. वॉशिंग्टन शहराचा झेंडा मात्र खरोखरच या चिन्हावरून घेतलेला आहे, पण तो १९३८ मध्ये. आधीच्या गोष्टीचं श्रेय नंतरच्या गोष्टीवरून देण्याची ही नेहमीची गडबड आहे.

लोकर व्यापाऱ्याच्या तिसऱ्या पिढीनंतर घराणं उतरणीला लागलं. त्यातला एक धाकटा मुलगा, त्याचंही नाव लॉरेन्सच, ऑक्सफर्डला ब्रेझनोज कॉलेजात फेलो झाला. फेलो असेपर्यंत लग्न करता येत नसे, म्हणून पद सोडून तो १६३३ साली एसेक्समधल्या पर्ले गावी धर्मगुरू झाला. मग यादवी युद्ध आलं. १६४३ मध्ये संसदेच्या बाजूच्या प्युरिटन मंडळींनी त्याला पदावरून काढलं. आरोप काय, तर हा सारखा दारूच्या गुत्त्यात बसतो आणि दुसऱ्यांनाही पाजतो. हा आरोप त्याच वर्षी छापलेल्या "दुराचारी" धर्मगुरूंच्या एका यादीत आहे. पण १७१४ मध्ये जॉन वॉकर यांनी काढून टाकलेल्या धर्मगुरूंवर पुस्तक लिहिलं, त्यात एका न्यायदंडाधिकाऱ्याची साक्ष येते की हा माणूस सज्जन, धार्मिक होता आणि आपण त्याला कधी प्यालेलं पाहिलं नाही.

आता कोणावर विश्वास ठेवायचा? पहिलं लिखाण त्याच काळातलं, पण त्याला हाकलणाऱ्या पक्षाचं. दुसरं सत्तर वर्षांनंतरचं, आणि हाकललेल्यांची बाजू मांडणाऱ्याचं. "समकालीन स्रोत श्रेष्ठ" हा नियम पाठ करून इथे भागत नाही. माझं मत विचाराल तर, तो पीत होता का हे या दोन्हींतून कळत नाही. दोन्हींतून नक्की कळतं ते इतकंच, की तो राजाच्या बाजूचा समजला जात होता आणि त्याची नोकरी गेली. आपल्याला पुढच्या कथेसाठी तेवढं पुरतं. नोकरी गेल्यावर त्याला एक अगदी गरीब चर्च मिळालं आणि १६५३ च्या सुरुवातीला तो वारला. बायको अँफिलिस आणि मुलं हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग गावी राहत होती.

त्याचा मोठा मुलगा जॉन तंबाखूच्या व्यापारात "सी हॉर्स ऑफ लंडन" नावाच्या जहाजावर गेला. १६५७ च्या सुरुवातीला व्हर्जिनियात तंबाखू भरून परत निघताना जहाज पोटोमॅक नदीत रुतलं. जहाज निघालं, जॉन राहिला. नॅथनिएल पोप नावाच्या जमीनदाराच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि सासऱ्याने ७०० एकर जमीन दिली. याच जॉनचा पणतू म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टन.

एवढी सरळ गोष्ट सांगितली मी. पण ही गोष्ट सरळ करायला शंभर वर्षं लागली, आणि मला खरा रस त्यातच आहे.

१७९१ मध्ये लंडनच्या कॉलेज ऑफ आर्म्सचे प्रमुख सर आयझॅक हर्ड यांनी राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनना पत्र लिहून त्यांच्या पूर्वजांची माहिती विचारली. वंशावळी आणि कुलचिन्हं यांची नोंद ठेवणं हे या संस्थेचं काम. वॉशिंग्टननी १७९२ मध्ये उत्तर दिलं. या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही असं त्यांनी मोकळेपणाने कबूल केलं. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं कळवलं, की जॉन आणि लॉरेन्स हे दोघे भाऊ १६५७ च्या सुमारास आले, आणि मूळ गाव इंग्लंडच्या उत्तरेकडच्या कुठल्यातरी परगण्यात, लँकशर, यॉर्कशर किंवा आणखी वर, नेमकं आठवत नाही.

हे वाचून मी थक्क झाले होते. लँकशर सोडून घराण्याला तोपर्यंत अडीचशे वर्षं झाली होती! तोंडोतोंडी चालत आलेली आठवण इतकी टिकली? असेलही. पण जरा थंड डोक्याने बघा. तीन पर्याय दिल्यावर एक बरोबर निघणं अवघड नाही. आणि ज्या माणसाचा शोध चालू होता, म्हणजे जॉन, तो उत्तरेतून आलाच नव्हता, तो हर्टफर्डशरमधून आला होता. उत्तरेच्या आठवणीवर विसंबून शोधलं असतं तर तो सापडलाच नसता. ती खरी निघाली तरी तिचा उपयोग झाला नाही, हे मला जास्त शिकवून गेलं.

हर्डनी काय केलं? त्यांनी जॉन आणि लॉरेन्स अशी भावांची जोडी इंग्लंडातल्या वॉशिंग्टन घराण्यांत शोधली. सलग्रेव्हच्या घराण्यात ती मिळाली. एक सर जॉन वॉशिंग्टन आणि त्याचा भाऊ लॉरेन्स, ऑक्सफर्डचा विद्यार्थी. नावं जुळली, भाऊ जुळले, काळ साधारण जुळला. वंशावळ तयार. पुढे जॉर्ज बेकर यांच्या नॉर्थम्प्टनशरच्या इतिहासात ती छापून आली आणि छापून आल्यावर ती खरी झाली. चरित्रकार एकामागून एक तीच उतरवत गेले. तुम्ही कधी एखादा संदर्भ मूळ पेपर न उघडता दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचलला असेल, तर हे कसं होतं ते मी वेगळं सांगायला नको.

ही वंशावळ मोडली १८६६ मध्ये, जोसेफ लेम्युएल चेस्टर यांनी. मूळचे अमेरिकेतल्या कनेक्टिकटचे, लंडनला येऊन जुन्या नोंदींत बुडालेले गृहस्थ. त्यांची पद्धत साधी होती. हर्डना जे दोघे भाऊ मिळाले त्यांचं पुढे इंग्लंडात काय झालं, हे त्यांनी तपासलं. सर जॉन १६२३ पासून "सर" होता, आणि लॉरेन्स एम.ए. झालेला धर्मगुरू. व्हर्जिनियातल्या कागदांत मात्र त्या दोघा भावांना कोणी कधी "सर" किंवा "रेव्हरंड" म्हटलेलं नाही. पदव्यांना जपणाऱ्या त्या समाजात सरदारकी मिळालेला माणूस समुद्र ओलांडताना ती बोटीवर विसरून जाईल हे शक्य नाही. शिवाय सर जॉन इंग्लंडातच राहिला आणि तिथेच मेला. बस. सत्तर वर्षांची वंशावळ गेली.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. हर्डनी जुळणारे पुरावे शोधले, चेस्टरनी न जुळणारे. उमेदवार सापडला की आपण त्याला दुजोरा देणारं काय आहे ते गोळा करायला लागतो. या उमेदवाराला बाद करू शकेल अशी नोंद कुठे असेल, हा प्रश्न सुचतच नाही. माझ्या त्या दोन लेखकांच्या बाबतीत तो सुचला असता तर दहा मिनिटांचं काम होतं.

चेस्टरनी खोडलं, पण मग खरा जॉन कोणता ते त्यांना दाखवता आलं नाही. ते काम हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स यांनी १८८९ मध्ये केलं. लंडनमध्ये हजारो मृत्युपत्रं आणि वारसाहक्काच्या नोंदी ते वर्षानुवर्षं चाळत होते, ते न्यू इंग्लंडमध्ये गेलेल्या सगळ्याच घराण्यांसाठी. त्यात एक छोटीशी नोंद हाती लागली, की ट्रिंगच्या मृत अँफिलिस वॉशिंग्टन हिच्या मालमत्तेची व्यवस्था बघण्याचा अधिकार तिचा मुलगा जॉन याला दिला आहे. मग त्याच्याभोवती ट्रिंग चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी, एका आप्ताचं मृत्युपत्र, पर्लेचे कागद असं एकेक जुळत गेलं. आणि निघालं काय? अँफिलिसचा नवरा म्हणजे धर्मगुरू लॉरेन्स, म्हणजे हर्डनी व्हर्जिनियाला पाठवलेला तोच लॉरेन्स. घराणं बरोबर होतं, माणूसही जवळपास बरोबर होता, फक्त एका पिढीची चूक होती. ज्याला प्रवासी समजले तो प्रवाशांचा बाप होता!

त्या नोंदीवर तारीख आहे फेब्रुवारी १६५५ ची. आपल्या हिशेबाने ते वर्ष १६५६. इंग्लंडात १७५२ पर्यंत नवीन वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीतल्या जुन्या तारखा वाचताना एक वर्ष पुढे मोजावं लागतं. स्वतः जॉर्ज वॉशिंग्टनचा जन्म तेव्हाच्या कागदावर ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या कॅलेंडरवर २२ फेब्रुवारी १७३२. शकाचं इसवी सन करताना आपण जी काळजी घेतो तीच इथे घ्यायची.

आता तुमच्यातले जीवशास्त्रवाले म्हणतील, एवढी कागदं कशाला, डीएनए बघा ना. बघू या. हा माझ्या कामाशी जोडलेला भाग आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जातं, वाय गुणसूत्रही बापाकडून मुलाकडे जातं. गुणसूत्रावर काही ठिकाणी एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा येतो. तो किती वेळा येतो हे मोजलं की त्या माणसाचा एक नमुना मिळतो. माशांमध्ये मी असेच पुन्हा पुन्हा येणारे तुकडे मोजते, फक्त माशांना आडनावं नसतात, त्यामुळे माझं डोकं शांत असतं.

२००० साली ऑक्सफर्डचे ब्रायन साइक्स आणि कॅथरीन अर्व्हिन यांनी साइक्स या यॉर्कशरच्या आडनावावर हा प्रयोग केला. साइक म्हणजे तिकडच्या बोलीत लहान ओढा, हद्दीचा पाट. ओढे गावोगाव असतात, तेव्हा हे आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे पडलं असणार असंच कोणालाही वाटेल. पण ४८ साइक्स पुरुषांपैकी जवळपास ४४ टक्के जणांचा नमुना एकच निघाला, आणि तो नमुना तुलनेला घेतलेल्या इतर इंग्रज पुरुषांत मिळाला नाही. म्हणजे बहुधा एकच मूळ पुरुष. मग बाकीच्या ५६ टक्क्यांचं काय? दत्तक, आईचं आडनाव लावलेली मुलं, बापाचं नाव वेगळं आणि बाप वेगळा, असं सगळं त्यात येतं. सातशे वर्षांत हे दर पिढीला अवघं १.३ टक्के घडलं तरी एवढा फरक पडतो, असं त्यांनी गणित मांडलं. तो पेपर फक्त चार जागा मोजून लिहिलेला होता, आज एवढ्यावर कोणी परीक्षक पुढे जाऊ देणार नाही. पण २००९ मध्ये टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ पुरुष तपासले तेव्हा चित्र स्पष्ट झालं. दुर्मीळ आडनावांत समान पूर्वज दिसतात, स्मिथसारख्या सर्रास आडनावात कोणतेही दोन जण रस्त्यावरच्या अनोळखी माणसांइतकेच परके.

वॉशिंग्टन घराण्यावरही डीएनएचं काम झालंय. २०२४ मध्ये "आयसायन्स" या नियतकालिकात एक पेपर आला. जॉर्जचा भाऊ सॅम्युएल याच्या हेअरवूड या मालमत्तेवरच्या दफनभूमीत काही अवशेष बेनामी पुरलेले होते. ते सॅम्युएलच्या दोन नातवांचे आणि त्यांच्या आईचे आहेत हे एका हयात वंशजाशी ताडून ठरवलं गेलं. छान काम आहे. पण बघा, ताडायला वंशज लागला, आणि तो वंशज आहे हे सांगायला कागद लागले. गुणसूत्रावर नाव लिहिलेलं नसतं.

आणि आता या आडनावाच्या प्रवासातला तो भाग, जिथे गुणसूत्र आणि नाव यांची वाटच वेगळी होते. जॉर्ज वॉशिंग्टनला स्वतःचं मूल नव्हतं. अमेरिकेच्या २००० च्या जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची सुमारे १ लाख ६३ हजार माणसं होती. त्यांतली जवळपास ९० टक्के कृष्णवर्णीय. डरहॅमच्या जमीनदाराचं नाव आज मुख्यतः ज्यांच्याकडे आहे त्यांचे पूर्वज गुलामगिरीत होते.

त्यांची वंशावळ शोधायला बसलात तर चेस्टर आणि वॉटर्स यांची साधनं हातात राहतच नाहीत. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची वेगळी यादी आहे, पण ती मालकाच्या नावाखाली. खाली फक्त वय, लिंग, रंग. नावाचा रकानाच नाही. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनने माउंट व्हर्ननवरच्या ३१७ जणांची यादी केली, तिच्यात बहुतेकांचं नुसतं पहिलं नाव. आडनावासकट सगळे कृष्णवर्णीय नागरिक पहिल्यांदा दिसतात ते १८७० च्या जनगणनेत. वंशावळीवाले त्या सालाला भिंत म्हणतात.

बऱ्याच जणांना वाटतं की मुक्त झालेल्या माणसाने मालकाचं आडनाव लावलं असणार. काहींनी लावलं. काहींची आडनावं आपापसात आधीपासून होती, मालकाला माहीत नव्हती इतकंच. आणि काहींनी स्वतः निवडली. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १९०१ च्या आत्मचरित्रात आपली हकिगत सांगितली आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या माल्डन गावी लहानपणी शाळेत गेले तेव्हा हजेरी घेताना सगळ्या मुलांना दोन नावं आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांना एकच होतं, बुकर. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी बेधडक "बुकर वॉशिंग्टन" सांगून टाकलं. आईने आपलं नाव बुकर तालिआफेरो ठेवलं होतं हे नंतर कळलं, म्हणून मधला टी. सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं, ते डोक्यात असेल. तिथे कुठला मालक नाही, कुठलं रक्त नाही. वर्गातला एक मुलगा आणि समोर हजेरीचं पुस्तक. असा माणूस तुमच्या नमुन्यात आला तर त्याला तुम्ही "अपवाद" म्हणून काढून टाकणार का? साइक्सच्या ५६ टक्क्यांकडे मी यानंतर जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले.

शेवटी हॅरीबद्दल सांगते. अमेरिकी क्रांतीच्या अखेरीस, १७८३ मध्ये, इंग्रजांच्या आश्रयाला आलेल्या सुमारे ३,००० कृष्णवर्णीय माणसांना न्यूयॉर्कहून जहाजांतून हलवण्यात आलं. त्यांची एक नोंदवही आहे, "बुक ऑफ नीग्रोज". जुलैमध्ये "लाबोंडान्स" जहाजावर चढलेल्यांमध्ये एक हॅरी वॉशिंग्टन आहे, वय ४३. पूर्वी जनरल वॉशिंग्टनची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी त्याला सोडून आला, असं कारकुनाने लिहिलंय. १७८३ मधून सात वजा केले की १७७६. व्हर्जिनियातून माणसं इंग्रजांकडे पळत होती तेच साल. वॉशिंग्टनच्या हिशेबवहीत १७६३ मध्ये दलदल उपसण्याच्या कामासाठी विकत घेतलेला एक हॅरी आहे. तिथे आडनाव नाही. हा तोच हॅरी का? इतिहासकार बहुतेक तोच मानतात, पण जोडणी अनुमानाचीच आहे, कारण एका वहीत फक्त हॅरी आणि दुसरीत हॅरी वॉशिंग्टन. मधली जी कडी हवी ती लिहिण्याची कोणाला तेव्हा गरजच वाटली नव्हती.

नोंदवहीतला हॅरी नोव्हा स्कोशियात बर्चटाउनला उतरला. तिथली जमीन निकृष्ट निघाली. १७९२ मध्ये तिथून सुमारे १,२०० जण १५ जहाजांतून आफ्रिकेत सिएरा लिओनला गेले, त्यांच्यात तो होता. फ्रीटाउनमध्ये कंपनीने जमिनीवर सारा बसवला, तो द्यायला लोक तयार नव्हते, आणि १८०० साली बंड झालं. बंडवाल्यांवर खटला चालला, त्यात हॅरी वॉशिंग्टनचं नाव आहे. शिक्षा हद्दपारीची. नदीच्या पलीकडे बुलोम किनाऱ्यावर त्याला पाठवून दिलं. त्याच्या आधीच्या डिसेंबरात माउंट व्हर्ननवर जॉर्ज वॉशिंग्टन वारला होता.